अधिकारी आणि पुढारी यांच्या मधली जागा

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी सातला डोकावलं, तर आधी दिसतो तो दारातला चपलांचा ढीग. आत फळ्या ठोकून पाडलेले कप्पे. प्रत्येक कप्प्यात मान खाली घातलेली एक मुलगी नाहीतर मुलगा, पाण्याची बाटली, मेसच्या डब्याची पिशवी आणि तीन रंगांच्या रेघांनी फुगलेला ‘लक्ष्मीकांत’, म्हणजे राज्यघटनेवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक. कुणी बीडचा, कुणी यवतमाळची, कुणी धुळ्याचा. ‘पॉलिटी तीनदा झाली’, ‘प्रिलिम निघते, मेन्सला अडकतो’, ‘हा शेवटचा अटेम्प्ट’ ही इथली बोली. पंचायतराजची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती कधी अमलात आली, असं यांना झोपेतून उठवून विचारा, २४ एप्रिल १९९३ ही तारीख मिळते. अकराव्या अनुसूचीत विषय किती? एकोणतीस. पण गेल्या वर्षी तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत पैसे किती आले आणि ते कशावर खर्च झाले, असं विचारलं की बहुतेक जण हसतात. एकानं मला सरळ सांगितलं, ‘सर, ते सिलॅबसला नाही.’

त्या उत्तरातून हे पुस्तक सुरू झालं.

लोकांच्या कामात पडावं असं ज्या मुलामुलींना मनापासून वाटतं, त्यांना आपल्याकडे दोनच वाटा दिसतात. परीक्षा देऊन साहेब व्हायचं, नाहीतर एखाद्या दादांच्या, भाऊंच्या मागे फिरत फ्लेक्सच्या कोपऱ्यात आपला फोटो येण्याची वाट बघायची. पहिल्या वाटेवर काही शे जागांसाठी लाखांनी अर्ज पडतात. दुसऱ्या वाटेवर घराणं, पैसा आणि जात आधीच रांग धरून उभी असतात. या दोन्हींच्या मधे एक मोठी जागा आहे. मतदारयादीतल्या चुका शोधून त्या दुरुस्त करवून घेणारे, आमदाराला विधेयकावर चार पानी टिपण काढून देणारे, गावाचा विकास आराखडा गावाला कळेल असा मांडणारे, महापालिकेच्या जाडजूड अर्थसंकल्पातून एका प्रभागाचे आकडे वेगळे काढणारे, रोजगाराच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण करणारे, सभेत जे ठरलं तेच इतिवृत्तात उतरलं आहे ना हे पाहणारे लोक तिथे काम करतात. त्यांच्याशिवाय अधिकाऱ्याचं चालत नाही आणि पुढाऱ्याचंही. पण या जागेला आपण नाव दिलेलं नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही. ‘गव्हर्नन्स’ हा शब्द हल्ली मराठीत सर्रास चालतो. मला आपला जुना ‘कारभार’च बरा वाटतो, कारण त्यात कामही आहे आणि त्याचा भारही. हे पुस्तक कारभार शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे.

ही मधली जागा परदेशातून आलेली कल्पना आहे, असा एक समज दिसतो. तो खोटा आहे. महाराष्ट्रात ती दीडशे वर्षांपासून आहे.

१८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या सभासदत्वाची अट आज ऐकली तर चकित व्हायला होतं. सभासद व्हायचं तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. ‘आमच्या वतीनं बोलायला आम्ही यांना नेमलं आहे’ असा तो कागद. सुरुवातीचे पंचाण्णव सभासद असे मिळून सुमारे सहा हजार माणसांचे प्रतिनिधी होते. देशात जवळजवळ कुणालाही मताचा हक्क नव्हता, तेव्हा पुण्यातले वकील आणि इनामदार सह्या गोळा करत दारोदार फिरत होते. पुढे १८७६-७७च्या दुष्काळात सभेनं गावोगाव माणसं पाठवून पीकपाण्याची आणि उपासमारीची माहिती जमवली आणि ती सरकारपुढे आकड्यांसह ठेवली. १८९६-९७च्या दुष्काळात, सभा टिळकांच्या प्रभावाखाली असताना, कार्यकर्ते खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना सरकारचीच दुष्काळ संहिता समजावून सांगत होते : पीक बुडालं तर सारा माफ होण्याची तरतूद आहे, ती मागा. यात बंड काहीच नव्हतं. सरकारनं छापलेलं पुस्तक सरकारच्या रयतेला वाचून दाखवलं जात होतं. पण सरकारला ते एवढं झोंबलं की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. कायद्याची माहिती योग्य माणसाच्या हातात पडली की काय होतं, हे याहून नेमकं कुणी दाखवलेलं नाही.

गोपाळ कृष्ण गोखले याच मुशीतले. १८९७ मध्ये लंडनला, भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे गणेश व्यंकटेश जोशी या आकडेशास्त्रात मुरलेल्या शिक्षकाची मेहनत होती. १९०२ पासून मध्यवर्ती कायदे मंडळात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर जी भाषणं केली, ती गाजली ती आवाजामुळे नव्हे. सरकारचेच आकडे ते सरकारला परत वाचून दाखवत होते. मिठावरचा कर १९०३ पासून टप्प्याटप्प्यानं खाली आला, त्याची मागणी ते याच पद्धतीनं लावून धरत होते. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षं उमेदवारी करावी लागेल असा नियम घातला. आधी वाचायचं, हिंडायचं, ऐकायचं, मग बोलायचं. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही गोखल्यांनी हाच सल्ला दिला : एक वर्ष देश पाहा, राजकारणावर बोलू नका.

तिसरा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, आणि तोच सर्वांत कमी ठाऊक असलेला. १ जुलै १९५६ रोजी मुंबईत त्यांनी राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. शाळेची व्यवस्था सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांच्याकडे होती. राजकारणाच्या शाळेची सूत्रं ग्रंथपालाकडे द्यावीत, यातच त्या शाळेचा अभ्यासक्रम काय होता ते कळतं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च १९५७ मध्ये शाळा बंद पडली. ज्यांनी देशाला राज्यघटना दिली, त्यांना आयुष्याच्या अखेरीस ती चालवणारी माणसं घडवायची निकड वाटली होती. घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, हे त्यांनी संविधान सभेत १९४८ मध्येच सांगितलं होतं. शाळा हा त्या विधानाचा पुढचा भाग होता. तो अर्धवट राहिला.

या तिघांतला धागा एकच. सार्वजनिक काम म्हणजे नुसती तळमळ नव्हे, ते शिकावं लागतं, असं या सर्वांना वाटत होतं. नंतर संस्था बऱ्याच निघाल्या, काही आजही उत्तम चालतात. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना शिकवते आहे. पुण्यात ‘यशदा’ सरकारी अधिकाऱ्यांना शिकवते, भाईंदरजवळची रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून कार्यकर्त्यांना शिकवते. पण बीए, बीकॉम, बीएस्सी झालेल्या, कुठल्याही पक्षात नसलेल्या, कुठल्याही खात्यात नसलेल्या साध्या विद्यार्थ्याला कारभार कुठे शिकता येतो, असं विचारलं तर फार दारं दाखवता येत नाहीत.

शिकायचं म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणानं सांगतो. १९५१-५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदार १७ कोटींहून अधिक, त्यांतले बहुतेक निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. मतदारयाद्या करायला माणसं घरोघर गेली, तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत अशा भागांत लाखो बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच ओळख त्यांनी दिली. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते म्हणून आपण उखाणे रचले. तिथे बाई स्वतःचंही नाव घेत नव्हती. सेन यांनी ठरवलं की मत हे माणसाचं असतं, नात्याचं नाही. नावं मागून घ्यायला मुदत वाढवली, तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी २८ लाखांच्या आसपास नावं यादीतून वगळावी लागली. पुढच्या निवडणुकीपर्यंत बरीचशी सुधारणा झाली.

हा किस्सा वर्गात सांगितला की मी विचारतो, त्या २८ लाखांपैकी एकीच्या उंबऱ्यावर तुम्ही उभे आहात. घरातले पुरुष ओसरीवर बसले आहेत. सासू दाराआडून बघते आहे. तिचं नाव कसं विचाराल? मग वर्गात पाच मिनिटं शांतता पसरते. कुणी म्हणतं, बाई कर्मचारी पाठवायची. कुणी म्हणतं, आधी सासूचं नाव विचारायचं, म्हणजे सुनेला धीर येईल. कुणी म्हणतं, शाळेतल्या पोरीला मधे घ्यायचं. यांतलं कुठलंही उत्तर ‘लक्ष्मीकांत’मध्ये सापडत नाही, आणि प्रौढ मताधिकार देणारं कलम ३२६ प्रत्यक्षात उतरतं ते याच उत्तरांतून. याच सेन यांना १९५३ मध्ये सुदानची पहिली संसदीय निवडणूक घ्यायला बोलावण्यात आलं. दुसऱ्या देशाच्या लोकशाहीला हातभार लावणं ज्याला म्हणतात, त्यातलं भारताचं हे सुरुवातीचं काम. त्याचं भांडवल म्हणजे घरोघरच्या उंबऱ्यांवर मिळालेला अनुभव.

आता जवळचं उदाहरण. काही वर्षांपूर्वी मी बारा विद्यार्थ्यांना घेऊन एका ग्रामसभेला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे जे पाहिलं ते कुठेही दिसतं. सभा दहाची. साडेदहापर्यंत समाजमंदिरात आमच्यासकट तीसेक माणसं. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान असेल तेवढे लागतात. थोड्या वेळानं शिपाई सह्यांचं रजिस्टर बगलेत मारून गल्लीकडे निघाला. आमच्यातल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, ‘सर, माणसं इकडं यायच्या ऐवजी रजिस्टर तिकडं का चाललंय?’

सरपंचबाई खुर्चीत बसल्या होत्या. उत्तरं त्यांच्या बाजूला उभे असलेले यजमान देत होते. ‘सरपंचपती’ हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही, पण गावात तो पदासारखा वापरतात. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांसाठी राखीव आहेत. खुर्ची मिळाली, पण कागद अजून नवऱ्याच्याच पिशवीत आहे. तेवढ्यात एक म्हातारबा उठले. ‘पैसं आलं म्हणता, मग आमच्या वस्तीचा रस्ता का होईना?’ यजमान म्हणाले, ‘वरून मंजुरी नाही बाबा.’ बाबा बसायला लागले, आणि ती मुलगी उभी राहिली.

आदल्या रात्री तिनं ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरून त्या गावचा आराखडा उतरवून घेतला होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचे दोन भाग असत : ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. रस्ता करायचा तर अबंधितमधून, आणि त्या वर्षीचा अबंधित पैसा पथदिव्यांवर आणि समाजमंदिराच्या फरशीवर लावून झाला होता. ती म्हणाली, ‘बाबा, डब्याला दोन कप्पे आहेत. भाजीच्या कप्प्यात पैसे आहेत, पण रस्ता भाताच्या कप्प्यातून होतो, आणि भात ह्या फरशीला वाढला.’ सगळ्यांनी खाली फरशीकडे पाहिलं. कुणी कुणावर आरोप केला नाही, आवाज चढला नाही. पहिल्यांदाच सरपंचबाई बोलल्या, ‘म्हंजे पुढच्या आराखड्यात रस्ता आधी लिवायला पायजे.’

सभा संपल्यावर त्यांनी मुलीला बाजूला घेतलं आणि एका लग्नपत्रिकेच्या मागे ‘बंधित’, ‘अबंधित’ हे दोन शब्द तिच्याकडून लिहून घेतले. त्या दिवशी गावात सत्तापालट झाला असं मी म्हणणार नाही. पुढच्या सभेतही कदाचित यजमानच बोलले असतील. पण ‘वरून मंजुरी नाही’ हे उत्तर त्या गावात पुन्हा तितक्या सहज देता आलं नसेल. मी ज्याला कारभाराचं शिक्षण म्हणतो ते एवढंच आहे : अवघड कागद आधी स्वतः वाचायचा आणि मग ज्याचा तो आहे त्याला त्याच्या भाषेत सांगायचा.

हे काम एकट्यानं करायचं नसतं, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं शिकवलं. त्या गावानं निर्णय घेणारी ग्रामसभा आणि विषय समजून घेणारा अभ्यासगट अशा दोन वेगळ्या जागा केल्या. अभ्यासगटात बसून बोलायचं, वाद घालायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावानं वर्षानुवर्षं ही सवय जोपासली. म्हणून वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. जाणकारानं सांगावं, ठरवावं मात्र गावानं. या कामात उतरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं ही मर्यादा आधी शिकून घ्यायला हवी. आपल्याला आकडे कळतात म्हणून आपण गावाचे मालक होत नाही.

या पुस्तकात म्हणूनच सिद्धांतापेक्षा सरावाला जास्त पानं दिली आहेत. पहिला भाग कागद वाचण्याचा : ग्रामपंचायतीचे नमुने, त्यांतला अर्थसंकल्पाचा नमुना १, रोकडवहीचा नमुना ५, घरपट्टीच्या आकारणीचा नमुना ८, नगरपालिकेचा अर्थसंकल्प, विधेयकाचा मसुदा. दुसरा भाग विचारण्याचा आणि ऐकण्याचा : माहिती अधिकाराचा अर्ज एका पानात कसा लिहावा, ज्यातून तीस दिवसांत टोलवाटोलवी नव्हे तर उत्तर येईल, आणि वस्तीवर मुलाखत घेताना गप्प कधी बसावं. तिसरा भाग लिहिण्याचा. इतिवृत्त लिहिणं हे आपल्याकडे कारकुनाचं काम समजतात. पण सभेत काय ठरलं त्यापेक्षा वहीत काय उतरलं यावर पुढचं वर्ष चालतं. ‘चर्चा झाली’ आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ या दोन ओळींत एखाद्या वस्तीच्या नळाचं अंतर असू शकतं.

चौथा भाग निवडणुकीचा, आणि तो मुद्दाम मोठा ठेवला आहे. मतदान केंद्रावर काम केलेल्या कुणालाही ‘सतरा सी’ म्हणा, त्याच्या डोळ्यांपुढे ती थकलेली संध्याकाळ उभी राहते. मतदारांच्या नोंदवहीतल्या सह्या, यंत्रावरचा एकूण आकडा आणि सतरा सी या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यातला आकडा, हे तिन्ही जुळायला लागतात. सकाळी अभिरूप मतदानाची मतं पुसायची राहिली तर संध्याकाळी ते जुळत नाहीत, आणि मग त्या केंद्रावर शंका घेणाऱ्याला तोंडी उत्तर पुरत नाही. विद्यार्थ्यांना आम्ही हा नमुना पूर्ण भरायला लावतो, एक चूक आधीच पेरून ठेवतो, आणि ती सापडेपर्यंत घरी जाऊ देत नाही. निवडणुकीवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, असं आम्ही सांगत नाही. तपासायचं कसं, ते शिकवतो. १९९९ मध्ये अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी जनहित याचिका केली, तिच्यातून उमेदवारांच्या संपत्तीची आणि गुन्ह्यांची शपथपत्रं आज आपल्यापुढे येतात. तो पूर्ण लढा तपासणाऱ्यांनीच लढला होता.

शेवटचा भाग नोकरीचा आहे. तो लिहिताना हात आखडता घेतलेला नाही. मुलगी या क्षेत्रात जाते म्हणाली की घरून पहिला प्रश्न येतो, ‘पर्मनंट आहे का?’ खरं उत्तर असं की बहुतेक वेळा नाही. खासदारांना सहाय्यक देणारी दिल्लीतली ‘लॅम्प’ फेलोशिप असो की महाराष्ट्रात २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप, ती ठरावीक मुदतीची असते. संस्थांची कामं प्रकल्पावर चालतात, प्रकल्प संपला की करार संपतो. मानधन पुण्यात खोली भाड्यानं घेऊन राहण्याइतकंच. तरी या वाटेनं गेलेली माणसं पुढे वृत्तपत्रांत, विधिमंडळांच्या ग्रंथालयांत, जिल्हा परिषदांच्या योजनांवर, संशोधन संस्थांत, निवडणुकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांत पोचतात. भारताच्या निवडणूक आयोगानं २०११ मध्ये दिल्लीत प्रशिक्षण संस्था काढली, तिथे इतर देशांचे अधिकारी शिकायला येतात. स्टॉकहोमच्या ज्या संस्थेकडे लोकशाहीच्या आंतरराष्ट्रीय कामाचं केंद्र म्हणून पाहतात, तिच्या १९९५च्या संस्थापक देशांत भारत आहे. म्हणजे दारं आहेत. पण माझं मत विचाराल, तर ज्याला आपल्या गावची रोकडवही वाचता येत नाही, त्यानं दुसऱ्या देशाला लोकशाही शिकवायला जाऊ नये.

एक अडचण मात्र पुस्तकानं सुटणारी नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत खुल्या निवडणुका १९९०च्या दशकात थांबल्या. हिंसाचार हे त्याचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं त्यांची तरतूद पुन्हा केली, पण नंतर कित्येक वर्षं ती कागदावरच राहिली. म्हणजे एका अख्ख्या पिढीनं मत मागणं, हरणं आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणं हे शिकलंच नाही. तिकडे मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. महाविद्यालयात निवडणूक नाही आणि शहरात नगरसेवक नाही, अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला लोकशाही हा परीक्षेचा विषय वाटला, तर दोष त्याचा नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय कार्यप्रणालीचा अभ्यासवर्ग भरतो, तिथे गेलेल्या मुलांचे डोळे उजळलेले मी पाहिले आहेत. कारण तिथे त्यांना सभागृह प्रत्यक्ष दिसतं. बघायला मिळालं की शिकायला वेळ लागत नाही.

निःपक्षपातीपणाविषयी दोन शब्द. या कामात राजकीय मत असू नये, असं मी म्हणत नाही. मत नसलेला माणूस मला थोडा संशयास्पदच वाटतो. पण टिपण लिहिताना, यादी तपासताना, सभेत आकडे सांगताना ते मत खिशात ठेवता आलं पाहिजे. ज्याला आपण मत दिलं त्याच्या कारभारातली चूकही त्याच शाईनं लिहिता आली, की उमेदवारी संपली असं समजावं. गोखल्यांनी त्यासाठी पाच वर्षं ठेवली होती. आपण निदान एक वर्ष तरी ठेवू.

हे पुस्तक कुणी वाचावं? ज्यांचा शेवटचा अटेम्प्ट संपला आहे आणि ज्यांना वाटतं आहे की आता सगळं संपलं, त्यांनी आधी. चार वर्षं ज्यांनी घटना पाठ केली, त्यांच्याइतकी तयारी या क्षेत्रात दुसऱ्या कुणाचीही नसते. फक्त ते ज्ञान बहुपर्यायी प्रश्नांतून बाहेर काढून गावच्या चावडीवर आणायचं आहे. प्राध्यापकांनी वाचावं, आणि त्यातला एखादा सराव तरी वर्गाबाहेर नेऊन करावा. आणि ज्या आई-वडिलांना ‘पर्मनंट आहे का’ हा प्रश्न पडतो, त्यांनीही चाळावं. लेकीच्या वहीत ग्रामपंचायतीचे आकडे का आहेत, ते त्यांना कळेल.

वाचकाला एकच विनंती. हे पुस्तक संपवून मग कामाला लागू, असं करू नका. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा रिवाज आहे. यांतला जो दिवस जवळ असेल, त्या दिवशी आपल्या गावी जा. शहरात असाल तर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या प्रेक्षक कक्षात बसून या. बोलायची घाई करू नका. एक वही न्या. किती माणसं आली, कोण बोललं, कोण बोललं नाही, काय ठरलं आणि इतिवृत्तात काय लिहिलं गेलं, एवढं टिपा. आणि रजिस्टर माणसांकडे निघालेलं दिसलं, तर तेही लिहून ठेवा.